हॅक्सॉ ब्लेडपासून मार्किंग नाइफ आणि बारीक किकरं घरी बनवायचंय, सल्ला द्या

बाल्कनीसुतार
मंडळी, मी डोंबिवलीत फ्लॅटच्या बाल्कनीत छोटे डबे, ट्रे, पोरांच्या गाड्या असलं काहीबाही बनवत असतो. मशीन म्हणाल तर एक ड्रिल आणि ४ इंची अँगल ग्राइंडर, बाकी सगळं हातानेच. आता तीन गोष्टी हव्यात. एक मार्किंग नाइफ, कारण पेन्सिलीच्या रेघेवर जॉइंट काही नीट बसत नाहीत. दुसरं ६ एमएमचं किकरं, म्हणजे अरुंद पटाशी. आणि तिसरं म्हणजे डब्याच्या झाकणाला ३ एमएम अॅक्रिलिक कापायला काहीतरी. ऑनलाइन नाइफच्या किमती बघितल्या आणि टॅब बंद केला. घरात तुटलेली हॅक्सॉ ब्लेडं पडलीयेत, एक जुनी कानस पण आहे, यातून जमेल का? शिवाय ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी चाक लावतात ना लोक, ते कसं वाटतं?

ठिणगी
जमेल की. ब्लेड घे, ग्राइंडरवर तिरकं घास, मागे दोरी गुंडाळ, संपलं. यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत.

रिटायर्ड टूलरूम
संपलं नाही हो, ब्लेड कुठलं आहे त्यावर सगळं आहे. हाताच्या करवतीचं जे वाकणारं ब्लेड मिळतं ते बऱ्याचदा बायमेटल असतं, म्हणजे फक्त दातांची कड हायस्पीड स्टीलची (एचएसएस) आणि बाकी पट्टी स्प्रिंगसारखी. तुम्ही दात घासून काढून टाकणार आणि धार लावणार त्या मऊ भागाला, मग ती टिकेल कशी? आणि हे ब्लेड जाडीला जेमतेम पाऊण एमएम पण नसतं, हातात लवतं.

तुम्हाला पाहिजे पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या करवतीचं, जुनं ब्लेड. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा भंगारात मिळतं, इंचभर रुंद आणि दीड-दोन एमएम जाड. त्यातही पूर्ण एचएसएसचंच बघून घ्या, कारण पॉवरमध्ये पण बायमेटल येतात. एचएसएसची गंमत अशी की साडेपाचशे डिग्रीच्या आसपास तापेपर्यंत त्याचा कडकपणा जात नाही, त्यामुळे घासताना कड निळी पडली तरी घाबरायचं काम नाही. फक्त लालबुंद तापवून पाण्यात बुचकळू नका, बारीक तडे जातात. हवेत गार होऊ द्या.

कानशीचं उलट आहे. ती साध्या कार्बन स्टीलची, घासताना धार निळी झाली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, समजायचं. तिला सारखं पाण्यात बुडवत, हळूहळू घासावं लागतं.

बाल्कनीसुतार
काका हे भारी आहे, पण भंगारवाल्याकडे ब्लेड बघून एचएसएस आहे की नाही ते ओळखायचं कसं? लोहचुंबक लावू का?

रिटायर्ड टूलरूम
लोहचुंबक दोन्हीला चिकटतं, त्याने काही कळत नाही. ठिणग्या बघा. कार्बन स्टील ग्राइंडरला लावलं की फुलबाजीसारख्या पांढऱ्या-पिवळ्या, फाटे फुटणाऱ्या ठिणग्या उडतात. एचएसएसच्या ठिणग्या मंद, लालसर-नारिंगी, कमी, आणि त्यांना फाटे जवळपास नसतातच. बायमेटल असेल तर दातांकडे एक तऱ्हा आणि पाठीकडे दुसरी, म्हणून दोन्हीकडे लावून बघा. शेजारी कानस ठेवून आलटून पालटून बघितलं की फरक लगेच डोळ्यात भरतो.

सावंतवाडीकर
आमच्याकडे खेळणी बनवणारे लेथची हत्यारं लोहाराकडून करून घेतात, त्यामुळे थोडं सांगू शकतो. नाइफ बिनधास्त घरी बनव. एक बाजू पूर्ण सपाट ठेव आणि दुसऱ्याच बाजूला उतार दे, २५-३० अंशाच्या मधे कुठेतरी. सपाट बाजू गुण्याला (सुताराच्या काटकोनाला) टेकून चालते तेव्हाच रेघ सरळ येते, दोन्हीकडून धार दिली की सुरी गुण्यापासून पळते. टोक भाल्यासारखं केलंस तर डावीकडून उजवीकडून दोन्ही बाजूंनी चालेल.

किकरं मात्र विकतच घे भावा. दोन एमएमच्या एचएसएस पट्टीचं किकरं हाताने दाबून छिलायला ठीक, पण त्यावर ठोकणी मारलीस किंवा खाचेत घालून उचकटलंस तर काडकन मोडतं आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. एवढ्या मापाची साधी पटाशी पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला काही फार महाग नाहीये. आणि ती कानस, तिचं खरवडायचं हत्यार करून लेथवर लावायचा मोह कधी झाला तर आवर, फार ठिसूळ असते.

ठिणगी
ठिसूळपणा कमी करता येतो की. ओव्हनमध्ये २०० ते २२० डिग्रीला तासभर ठेवायची, घासून चकचकीत केलेला भाग फिकट गवती पिवळा झाला की झालं. मी तशा कानशीची सुरी केलीय, छान चालते.

सावंतवाडीकर
सुरीला चालेल रे. लेथवर फिरत्या लाकडाचा धक्का बसतो, तिथे नको.

लिनोवाली
मी लिनोकटचे, म्हणजे लिनोलियमची शीट कोरून छापायचे, ठसे करते, माझी हत्यारं निम्मी घरचीच आहेत. मोडक्या छत्रीची काडी घ्या, जुन्या छत्रीची, जी पन्हाळीसारखी आत वळलेली असते. तिचं टोक तिरकं घासलं की बारीक गोल खोदणी तयार, मूठ म्हणून बांबूचा तुकडा. लाकडाला नाही चालणार, पण लिनो आणि रबराला मस्त. जुलै-ऑगस्टमध्ये कच्चा माल रस्त्यावरच पडलेला असतो 😄

अॅक्रिलिकसाठी तुमचं साधं हॅक्सॉ ब्लेडच पुरे. सुतार लोक सनमायका कापायला जे कटर वापरतात ते म्हणजे बहुतेक वेळा ब्लेडच्या टोकाला घासून काढलेला आकडाच असतो. सुरीसारखं कापायचं नाही, आकडा स्वतःकडे ओढत खरवडायचं, म्हणजे बारीक कीस निघतो आणि खाच पडते. स्टीलच्या पट्टीला धरून पुन्हा पुन्हा ओढा, खाच जवळजवळ तिसरा हिस्सा खोल झाली की शीट टेबलाच्या कडेवर अशी ठेवा की खाच वरच्या अंगाला, बरोबर कडेवर येईल, आणि बाहेरचा भाग खाली दाबा. सरळ तुटतं. शीटवरचा कागद आधी काढू नका. बायमेटल असेल तर आकडा दातांच्या कडेत काढा, म्हणजे कडक भाग टोकाला येतो.

बाल्कनीसुतार
ताई छत्रीची आयडिया उचलली. ग्राइंडरला दातेरी चाक लावायच्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही?

रिटायर्ड टूलरूम
मुद्दाम शेवटी ठेवला होता. नाही. अजिबात नाही. तुमचा ४ इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो, आणि तो घासायला बनवलाय. लाकडात दात अडकला की अख्खं मशीन उसळून तुमच्याकडे येतं, आणि गार्ड तर आपल्याकडे लोक डबा उघडतानाच काढून ठेवतात. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मांडीला आणि मनगटाला लागलेले लोक बघितलेत मी. हाताने ढकलायचं हत्यार घरी बनवा, ते बिघडलं तर फार तर मोडेल. फिरणारं काही जुगाडाने बनवायचं नाही, मग ते चाक असो की ड्रिलला लावायचा घरगुती कटर. लाकूड सरळ कापायला जपानी पद्धतीची ओढायची करवत घ्या, बाल्कनीत आवाजही नाही.

आणि घासताना चष्मा लावा, सुती कपडे घाला, गार्ड जागेवर ठेवा. ग्राइंडरच्या चाकाच्या मधल्या धातूच्या रिंगवर एक्सपायरी छापलेली असते ती वाचा. पावसात ओलावलेलं जुनं चाक सरळ फेकून द्या.

ठिणगी
चाकाला एक्सपायरी असते हे आत्ता कळलं, उठून बघून आलो. माझं दोन वर्षांपूर्वीच संपलंय 🙈

बाल्कनीसुतार
ठीक आहे, चाकाचा विचार कॅन्सल. शेवटचं विचारतो, नाइफला मूठ कशी बसवू? ब्लेडला भोक पडेना, ड्रिलचा बिटच बोथट झाला.

सावंतवाडीकर
कडक स्टील आहे ते, साध्या बिटला दाद देणार नाही. भोक पाडूच नकोस. ब्लेडच्या टोकाचं मूळचं भोक मुठीच्या बाजूला येईल असा तुकडा काढ आणि त्यातूनच पितळेची खीळ घाल. दोन्हीकडून सागवानाच्या पट्ट्या अराल्डाइटने चिकटव, आधी ब्लेडचा रंग पॉलिशपेपरने नीट खरवड नाहीतर चिकट धरत नाही. रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेव. धार सगळ्यात शेवटी लाव, नाहीतर मूठ घासताना बोटं कापशील. काचेवर पॉलिशपेपर ओला करून ४००, ८००, १५०० असं जा, मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवा रूज (पॉलिशची वडी) लावून ओढ.

लिनोवाली
आणि टोकाला बुचाचा तुकडा खोचून ठेवा, घरात पोरं आहेत म्हणालात ना.

बाल्कनीसुतार
हो, धाकटी सगळ्यात हात घालते. रविवारी एमआयडीसीकडच्या भंगारवाल्याकडे जातोय, पॉवर ब्लेड मिळालं तर इथे ठिणग्यांचा फोटो टाकतो, काका तुम्ही बघून सांगा.

कल्याणकर
धागा गुपचूप वाचत होतो. दोन मिळाली तर एक माझ्यासाठी घ्या, पैसे लगेच जीपे करतो.