व्हेटर्नरीला अर्ज : लेकीसाठी सल्ला हवाय, माहितगारांनी सांगावं

माणदेशी_गोठा

रामराम मंडळी. आटपाडी तालुक्यातला शेतकरी आहे. दावणीला पाच एचएफ गाई आणि दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला घालतो. थोरली लेक यंदा बारावी सायन्स झाली, नीट दिली. ७२० पैकी ४१८ पडले. आम्ही ओबीसीत मोडतो.

लम्पीच्या साथीत, २०२२ ला, आमची एक पहिलारू गाय गेली. शेवटचे चार दिवस पोर गोठ्यातच झोपायची. तिथनं तिनं जे धरलंय ते धरलंय, जनावरांचीच डॉक्टर होणार म्हणते. मला आनंदच आहे, पण घरात कुणी या वाटेनं गेलेलं नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला हा प्रश्न.

सीईटी सेलचा फॉर्म भरलाय. त्यातच व्हेटर्नरी येतं ना? कॉलेज कुठलं वर टाकावं? आणि पाहुणे म्हणतात, त्यापेक्षा बीएएमएस कर, पोरीच्या जातीला रात्री-अपरात्री ढोरामागं कुठं पळायचं. तिची आईही त्या बोलण्यानं कचरायला लागलीये. ज्यांनी हे शिक्षण घेतलंय किंवा ज्यांची मुलं घेतायत त्यांनी मोकळेपणानं सांगावं.

नीराकाठ

दादा, आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर. सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये व्हेटर्नरी येत नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस ही सगळी त्या फॉर्मात असतात. आपला बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे व्हेटर्नरीची पदवी, त्यात नाही. त्याचा अर्ज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा भरायचा असतो. आम्ही सगळे त्याला माफसू म्हणतो. वेगळी परीक्षा नाही, नीटचेच गुण धरतात, पण अर्ज वेगळा, शुल्क वेगळं, याद्या वेगळ्या. राज्याच्या ८५ टक्के जागा यातून भरतात.

उरलेल्या १५ टक्के जागा दिल्लीची भारतीय पशुवैद्यक परिषद देशपातळीवर भरते. त्याची नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावर करायची, म्हणजे हा दुसरा अर्ज. त्यात देशभरातली कॉलेजं टाकता येतात. लेकीला बाहेर पाठवायचं नसलं तरी तोही भरा, कारण आपल्या राज्यातल्या कॉलेजांच्याही १५ टक्के जागा त्यातच असतात.

मी स्वतः शिरवळची. शासकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून अकरा वर्षं झाली. दर पावसाळ्यात एक तरी पालक माझ्यासमोर येऊन उभा राहतो, "मॅडम, फॉर्म भरला होता, नाव कुठंच नाही." विचारलं की कळतं, फक्त सीईटी सेलचा भरलेला असतो. म्हणून आधी हे लिहिलं.

पात्रतेचं बघा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी या चारही विषयांची बेरीज धरतात. खुल्याला ५० टक्के, राखीवला साडेसत्तेचाळीस. बरेच जण इंग्रजी सोडून हिशेब करतात आणि ऐनवेळी घाबरतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं.

४१८ ला मिळेल का, हे मी छातीठोक सांगणार नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नीटचा पेपर एका वर्षी सोपा, एका वर्षी अवघड, गुण वर-खाली होतात. मागच्या वर्षीची शेवटच्या फेरीची यादी काढा, आपल्या प्रवर्गाचं शेवटचं नाव शोधा आणि गुणांपेक्षा त्याचा ऑल इंडिया रँक लेकीच्या रँकशी ताडून बघा. पहिल्या फेरीची यादी बघून धीर सोडू नका. एमबीबीएस-बीडीएसचे प्रवेश पक्के होत जातात तशी पोरं इथून निघतात आणि यादी खाली सरकते.

उदगीर_तिसरं_वर्ष

काका, मी सध्या उदगीरला शिकतेय. माझेही वडील दूध घालतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

ताईंनी अर्जाचं सांगितलंच आहे, मी आतलं सांगते. एकूण साडेपाच वर्षं. साडेचार वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र, म्हणजे ॲनाटॉमी, घाम काढतं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जनावराचं विच्छेदन असतं, डोळ्यांतून पाणी येतं, पहिले आठ दिवस मला जेवण गेलं नाही. गाय-बैल मुख्य धरून शिकवतात, मग घोडा कुठं वेगळा, कुत्रा कुठं वेगळा, कोंबडी कुठं वेगळी, हे सगळं पाठ. माणसांच्या डॉक्टरला एकच प्राणी असतो, आपल्याला तेवढ्याच वेळात पाच-सहा.

सगळं इंग्रजीतून. मी मराठी माध्यमाची, पहिले तीन-चार महिने वर्गात बसून नुसती लिहून घ्यायचे, कळायचं रात्री. पण गाय माजावर कधी येते, वार अडकली म्हणजे काय, कास दगडी झाली की हाताला कशी लागते, हे मला आधीच ठाऊक होतं. शहरातल्या मैत्रिणी त्यासाठी माझ्याकडे यायच्या आणि मी इंग्रजीसाठी त्यांच्याकडे. तुमच्या लेकीचंही तसंच जमेल. हॉस्टेलला जाण्याआधी तिला एवढंच सांगा की पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले तर घरी रडत फोन करायचा, पण बॅग भरायची नाही.

परळ_ते_ठाणे

कॉलेजचं मी सांगतो. माफसूची जुनी पाच कॉलेजं आहेत : मुंबईत परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ. परळ सर्वांत जुनं, १८८६ सालचं. मी तिथला. कॉलेजला लागूनच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं मोठं हॉस्पिटल आहे. कुत्री, मांजरं, पक्षी यांच्या इतक्या केसेस विद्यार्थीदशेत दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतात. मी आज ठाण्यात लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करतो, त्याचा पाया तिथं पडला.

पण तुमच्या लेकीचं मन गोठ्यात आहे. मग मी शिरवळ वर टाकलं असतं. पुणे-सातारा रस्त्यावर, नीरेच्या काठाला, चहूबाजूंनी दुधाचा पट्टा, आणि घरापासून चार-पाच तासांवर. उदगीरही उत्तम, देवणी गाईचं माहेरच ते. परभणीच्या बाजूला लाल कंधारी जातीची जनावरं बघायला मिळतील. वन्यप्राण्यांची ओढ असेल तर नागपूर, गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय तिथंच आहे. अभ्यासक्रम सगळीकडे परिषदेनं ठरवलेला, पदवी एकच. त्यामुळे अमुक कॉलेज मिळालं नाही म्हणून जागा सोडायची असं करू नका. पसंतीक्रमात पाचही भरा.

परराज्यातल्या खासगी कॉलेजांचे एजंट फोन करतील. त्या कॉलेजच्या पदवीला भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

बार्शीचा_बाप

नीराकाठ ताईंनी जे सांगितलं ते आमच्यावर बेतलंय. गेल्या वर्षी गावातल्या नेट कॅफेवाल्यानं "सगळं एकाच फॉर्मात येतं" म्हणून पैसे घेतले. आम्ही निवांत. यादी लागल्याचं मुलाच्या मित्राकडून कळलं, तोवर नोंदणी बंद होऊन तीन आठवडे झाले होते. मुलाचे गुण त्या यादीत बसत होते. त्यानं वर्षभर पुन्हा नीटचा अभ्यास केला, यंदा आम्ही दोघांनी मिळून दोन्ही अर्ज घरी बसून भरले. दादा, अर्ज स्वतःसमोर भरा, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा आणि मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा देऊ नका, स्वतःचा द्या. आमचे मेसेज त्याच्याच फोनवर गेले होते.

माणदेशी_गोठा

सगळ्यांचे मनापासून आभार. सीईटी सेलवर विसंबून राहिलो असतो. अजून दोन गोष्टी विचारतो. कागदपत्रं काय तयार ठेवू? आणि आमच्या डेअरीचा सचिव म्हणतो, डिप्लोमा करून घ्या, दोन-तीन वर्षांत पोर कमवायला लागेल, इंजेक्शनंच तर द्यायचीत. त्याचं काय?

नीराकाठ

कागदांतला सगळ्यांत वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळं. वैधता नसेल तर जिल्हा समितीकडे अर्ज केला आहे का, आणि त्याची पावती कुठं आहे, ते आजच बघा. नॉन-क्रिमीलेअर कुठल्या ३१ मार्चपर्यंत चालतं ते दाखल्यावर लिहिलेलं असतं, तारीख उलटली असेल तर नवं काढा. देशपातळीवरच्या कामाला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही, तहसीलला तसं सांगून मागा. अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, नीटचं गुणपत्रक आणि आधार हे असेलच. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का तेही एकदा ताडून बघा.

उत्पन्नाचा दाखलाही काढा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, सरकारी व्हेटर्नरीही त्यात येतं. प्रवेश झाला की महाडीबीटीवर अर्ज करायचा. हॉस्टेल-मेसचा खर्च मात्र धरून चला.

आता डिप्लोमा. दादा, तो वाईट नाही, पण तो वेगळा धंदा आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं स्वतंत्रपणे उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच आहे. डिप्लोमावाल्यानं किरकोळ सेवा द्यायच्या, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. "इंजेक्शनंच तर द्यायचीत" याच समजुतीनं किती गाई मेल्यात ते मी बघितलंय. कॅल्शियम शिरेतून घाईनं सोडलं तर गाय जागेवर जाते, हृदय ऐकत-ऐकत सोडावं लागतं. लेकीला नीटला ४१८ आहेत, तिला डॉक्टर होऊ द्या.

आणि वहिनींना माझं हे वाचून दाखवा.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी डोंगरातल्या एका वस्तीवर रात्री अकराला बोलावणं आलं. गाय अडली होती. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आणि मुंडी मागं वळलेली. चार गडी संध्याकाळपासून दोरीनं पाय ओढत होते. मला बघून म्हाताऱ्या मालकानं शिपायाला विचारलं, "सायेब कुठायत?" मी काही बोलले नाही. गाईच्या शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं, तिच्या कळा थांबल्या. मग वासराला आधी आत ढकललं. ओढायचं नाही, ढकलायचं, मुंडी वळवायला जागा तिथंच मिळते. माझा हात बारीक, तो मुंडीपर्यंत पोचला. त्या चार गड्यांतल्या एकाचाही पोचला नसता. वीसेक मिनिटांत खालचा जबडा तळव्यात आला, दात टोचू नयेत म्हणून तो झाकून घेत मुंडी सरळ केली. वासरू जिवंत निघालं. म्हाताऱ्यानं माझ्या हातावर पाणी घातलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते. आजही तो दर पाडव्याला फोन करतो.

ताकद लागते, पण ती पोराकडे असते आणि पोरीकडे नसते असं नाही. जनावर आवळून धरायला, पाडायला दोरीची रीत असते, ती शिकवतात.

काळजी घ्यायची ती दुसऱ्या गोष्टींची. सहाव्या ते नवव्या महिन्यात गाभण गाई गर्भ टाकायला लागल्या की ब्रुसेल्लोसिस या जंतूंच्या रोगाचा संशय घ्यायचा. त्या गर्भाला, वारेला उघड्या हातानं शिवलं की माणसालाही होतो. येऊन-जाऊन ताप, सांधे धरणं, वर्षानुवर्षं. माझ्या एका बॅचमेटला झाला, कारण लांब हातमोजे संपले होते आणि मालक घाई करत होता. दुसरा रेबीज. पिसाळलेलं जनावर गाय असली तरी पिसाळलेलंच, घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालणारे आहेत. म्हणून क्लिनिकला जायच्या आधीच प्रतिबंधक लसीचे डोस घ्यायचे, जनावर चावेपर्यंत थांबायचं नाही.

यवतमाळ_प्रॅक्टिस

मी दुसरी बाजू मांडतो, कारण दादा साडेपाच वर्षांचा निर्णय घेतायत. पदवी मिळाली की नोकरी दारात उभी असते असं नाही. पशुधन विकास अधिकाऱ्याची भरती लोकसेवा आयोगातून होते आणि जाहिरातींमध्ये वर्षं जातात. आमच्या बॅचचे निम्मे तोवर पोल्ट्री कंपन्यांत, दूध संघांत, औषध कंपन्यांत, विमा तपासणीत लागले. मी गावातच प्रॅक्टिस टाकली. पहिली तीन वर्षं लोक बिगरनोंदणी माणसाकडे जायचे, गाय पडली की माझ्याकडे आणायचे आणि उधारीवर. आता बरं चाललंय, पण कापसाचे पैसे येईपर्यंत थांबावं लागतं. हे सहन करायची तयारी असेल तरच यावं. एमबीबीएस हुकलं म्हणून आलेली पोरं दुसऱ्या वर्षाला मनानं खचतात, मी बघितलीयेत. तुमच्या लेकीचं तसं दिसत नाही, तरी तिला एकदा काम जवळून बघू द्या.

माणदेशी_गोठा

यवतमाळकर, तुमचं पटलं, म्हणून इथं लिहायच्या आधी तेच केलं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांना विनंती केली, पोर तीन दिवस त्यांच्यासोबत फिरली. दुसऱ्या दिवशी एका बैलाच्या खांद्याची गाठ फोडली, पू तिच्या अंगावर उडाला. मला वाटलं, आता बास म्हणेल. घरी येऊन आईला त्या बैलाचं सगळं सांगत बसली, जेवण निवलं तरी उठली नाही. तिच्या आईनं नीराकाठ ताईंचं ते गाय अडल्याचं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पाहुण्यांना काय सांगायचं ते ती आता स्वतःच सांगते.

वैधता आहे, कॉलेजनं अकरावीतच करून घेतली होती. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मात्र ३१ मार्चलाच गेलीये, आणि केंद्राच्या नमुन्याचा दाखला काढलेलाच नाही. उद्या सकाळचं दूध घातलं की सेतूत जातो. दोन्ही अर्ज घरी, लेकीच्या हातनं, मोबाइल नंबर माझा. पसंतीला शिरवळ पहिलं, उदगीर दुसरं, बाकीची तिन्ही खाली.

एक विचारायचं राहिलं. आमच्या शेजारच्या गोठ्यात दोन महिन्यांत तीन गाई टाकल्यात, सातव्या-आठव्या महिन्यात. ताईंचं वाचल्यापासून पोर मागं लागलीये, की त्यांना सांगा.

नीराकाठ

आजच सांगा, दादा. टाकलेला गर्भ आणि वार कुत्र्यांच्या तोंडी जाऊ द्यायची नाही, हातमोजे घालून खोल पुरायची, वर चुना. त्या गोठ्यातलं दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये. रक्ताचे नमुने घ्यायला तुमच्या दवाखान्याला कळवा. आणि तुमच्या गोठ्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी असतील तर त्यांच्या ब्रुसेल्लोसिसच्या लसीचंही त्याच वेळी विचारा, ती मादी वासरांनाच आणि एकदाच द्यायची असते. लस डॉक्टरांनाच टोचू द्या, ती जिवंत जंतूंची आहे.