मदत हवी आहे : कावागुची तलाव आणि इच्चिकु कुबोता संग्रहालय एका दिवसात कोणत्या क्रमाने पाहावे?

शेवंती_१२
येत्या आठवड्यात आम्हांला जपानमधल्या फुजी पर्वताजवळच्या कावागुची तलावाला जायचे आहे आणि त्यात किमोनो रंगवणारे कलाकार इच्चिकु कुबोता यांचे संग्रहालय पाहायचेच आहे. संकेतस्थळे वाचून आणि चित्रफिती पाहून माझा गोंधळ वाढला आहे. कोणी तलाव आधी म्हणते, कोणी संग्रहालय आधी, आणि मेपलच्या रांगांचा तो 'मोमिजी काइरो' दिवे लागल्यावरच पाहावा असे सगळेच सांगतात. आमच्याकडे एकच दिवस आहे. आईला किमोनो निवांत पाहायचे आहेत आणि फुजी पर्वतही दिसायला हवा. तिकिटे आज रात्रीच काढायची आहेत, त्यामुळे 'सगळेच सुंदर आहे' असे उत्तर कृपया नको. कोणत्या क्रमाने जावे, एवढेच नेमके सांगा.

डोंगरवाट
उत्तर देण्याआधी तुम्ही न लिहिलेल्या गोष्टी विचारतो. तुम्ही निघणार कुठून? वार कोणता? आईंना चढ चढता येतो का? बसने जाणार की रेल्वेने? नोव्हेंबरमध्ये त्या तलावाकाठी शनिवार-रविवार आणि मधला वार यांत इतका फरक असतो, की एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

आनंदयात्री_पुणे
माझे स्पष्ट मत असे आहे की तलावाकाठी एक रात्र मुक्काम करावा. फुजी पहाटे दिसतो आणि दुपारपर्यंत अनेकदा ढगांआड जातो. सकाळी तोक्योहून निघणारा माणूस तिथे पोहोचेपर्यंत सर्वांत चांगले तास निघून गेलेले असतात.

शेवंती_१२
मुक्काम शक्य नाही, हे 'एकच दिवस' या शब्दांतच आले आहे. आम्ही तोक्योतल्या निशी-कसाईला राहतो. वार गुरुवार. आई, बाबा आणि मी असे तिघे आहोत. आई बासष्ट वर्षांची आहे. तिला सपाट रस्त्यावर चालता येते, पण पायऱ्यांनी गुडघे दुखतात. रेल्वे की बस, हे मला तुम्हांलाच विचारायचे आहे.

डोंगरवाट
गुरुवार असेल तर अर्धा प्रश्न सुटला. तोक्योतल्या शिंजुकू स्थानकाहून तलावाजवळच्या कावागुचीको स्थानकापर्यंत थेट जाणारी 'फुजी काइयू' ही गाडी घ्यावी. ती साधारण दोन तासांत पोहोचते आणि तिची सर्व आसने आरक्षित असतात. नोव्हेंबरमध्ये आसने लवकर संपतात, म्हणून आज रात्री हेच काम पहिले करा. तुमच्याकडे देशभराचा रेल्वे पास असला, तरी वाटेतल्या ओत्सुकी स्थानकाच्या पुढचा मार्ग फुजीक्यू या खाजगी कंपनीचा आहे आणि तिथले भाडे त्या पासमध्ये येत नाही.

बसप्रेमी
थेट गाडीत जागा मिळाली नाही तर काय करायचे, हेही सांगायला हवे. शिंजुकूहून द्रुतगती मार्गाची बस जवळपास तेवढ्याच वेळात पोहोचवते आणि स्वस्तही पडते. सकाळी जाताना तिच्यात काहीही गैर नाही.

डोंगरवाट
सकाळी गैर नाही, हे मान्य आहे. परतताना मात्र चुओ द्रुतगती मार्गावर कोबोतोके बोगद्याच्या अलीकडे वाहने खोळंबतात. सुट्टीच्या दिवशी तो त्रास सर्वांत जास्त होतो, पण पानांच्या हंगामात मधल्या वारीही खात्री देता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला कोंडीत अडकलेल्या बसमध्ये बसवून ठेवण्यापेक्षा रेल्वे बरी.

गिरिजा_कापडवेडी
क्रमाविषयी माझे मत देते, कारण मी कापडासाठीच तिथे गेले होते. सकाळी तलाव आणि फुजी, दुपारी संग्रहालय, अंधार पडताना मोमिजी काइरो. नोव्हेंबरच्या मध्यावर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे तलाव दुपारनंतरसाठी ठेवला तर हाती फार थोडा उजेड उरतो. काइरो संग्रहालयापासून अगदी जवळ आहे, आणि हंगामात संध्याकाळी तिथल्या झाडांवर दिवे सोडतात, म्हणून शेवट तिथे केल्याने वेळही वाया जात नाही.

आता संग्रहालयाला वेळ का द्यायचा, तेही लिहिते. कुबोता विशीत असताना त्यांनी तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'त्सुजिगाहाना' पद्धतीने रंगवलेला एक जुना तुकडा पाहिला. ही कापड रंगवण्याची कला मुरोमाची आणि मोमोयामा काळात (साधारण चौदावे ते सोळावे शतक) बहरली आणि एदो काळाच्या आरंभी, म्हणजे सतराव्या शतकात, मागे पडली. नक्षीच्या कडेने बारीक टाके घालायचे, दोरा ओढून कापडाच्या चुण्या घट्ट आवळायच्या, मग रंगवायचे आणि सोडवलेल्या भागावर शाईने रेखाटन करायचे, अशी तिची साधारण रीत आहे. मध्ये युद्ध आले आणि कुबोता सायबेरियात युद्धकैदी होते. परतल्यावर चाळिशीत त्यांनी या कलेला पूर्णपणे वाहून घेतले आणि 1977 मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, पहिल्यांदा आपले काम लोकांपुढे ठेवले. ज्या माणसाने एका तुकड्यासाठी चाळीस वर्षे दिली, त्याचे कापड अर्ध्या तासात उरकू नये, असे मला मनापासून वाटते.

रंगरेज
वरील माहितीत भर घालण्याऐवजी एक मतभेद मांडतो. टाके घालून, आवळून रंगवणे आपल्याकडच्या बांधणीसारखेच आहे, मग त्यासाठी एवढे दूर जाण्याचे कारण मला उमगत नाही. आणि कुबोतांनी जुनी रीत जशीच्या तशी परत आणली, असेही नाही. त्यांनी आधुनिक रंग आणि वेगळे रेशमी कापड वापरले.

गिरिजा_कापडवेडी
दुसरा मुद्दा खरा आहे, आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. जुन्या त्सुजिगाहानाचे कापड त्यांच्या काळी मिळणे कठीण होते, म्हणून त्यांनी चिरिमेन नावाच्या बारीक सुरकुत्यांच्या रेशमावर काम केले आणि आपल्या पद्धतीला 'इच्चिकु त्सुजिगाहाना' असे वेगळे नाव दिले. पहिला मुद्दा मात्र पटत नाही. बांधणीत चिमटीने कापडाचा ठिपका उचलून दोऱ्याने बांधतात आणि ठिपक्यांतून नक्षी उभी राहते. इथे टाक्यांच्या रेषेने हवा तो आकार राखून ठेवता येतो, आणि एकाच कापडावर पुन्हा पुन्हा टाके घालून, रंगवून, सोडवून रंगांच्या इतक्या छटा चढवलेल्या असतात की पृष्ठभागाला उठाव येतो. छायाचित्रात तो कळत नाही.

त्यांच्या 'प्रकाशाची सिंफनी' या मालिकेत किमोनो शेजारी शेजारी टांगले की एकाच्या बाहीवरचा डोंगर पुढच्याच्या पाठीवर सरकतो आणि शरदापासून हिवाळ्यापर्यंतचे एकच निसर्गदृश्य तयार होते. ऐंशी किमोनोंचा संकल्प होता. 2003 मध्ये कुबोता गेले तेव्हा तो अपुरा होता. आईंना हे आधी सांगून ठेवा. आधी दूर उभे राहून संपूर्ण रांग पाहायची आणि मग एकेका किमोनोजवळ जायचे.

कोबेकर
मला वेगळीच जागा सुचवायची आहे. शिबोरी, म्हणजे कापड बांधून किंवा टाके घालून रंगवण्याची जपानी कला, पाहायची असेल तर नागोयाजवळचे आरिमात्सु गाव पाहावे. जुन्या तोकाइदो रस्त्यावरच्या त्या गावात सतराव्या शतकापासून हे काम चालत आले आहे आणि कारागीर समोर बसून टाके घालताना दिसतात.

शेवंती_१२
आरिमात्सुची माहिती चांगली आहे, पण तिथे तलाव नाही आणि फुजीही नाही. माझा प्रश्न कावागुचीपुरता आहे. गिरिजाताई, सकाळी तलाव म्हणजे नेमके कुठे उतरायचे? आणि संग्रहालयाला चढ आहे का?

शाकाहारी_प्रवासी
जेवणाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. तलाव ज्या प्रांतात आहे त्या यामानाशीचा 'होतो' हा जाड शेवयांचा, भोपळा आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण) घातलेला पदार्थ तिथे सगळीकडे मिळतो आणि तो शाकाहारी दिसतो. त्याचे पाणी मात्र बहुधा माशाच्या अर्काचे असते. आईबाबा शाकाहारी असतील तर विचारल्याशिवाय मागवू नका. डबा सोबत घेणे सर्वांत सुरक्षित.

गिरिजा_कापडवेडी
स्थानकाबाहेरून तलावाच्या उत्तर काठाने जाणारी लाल मार्गाची बस मिळते. तिने थेट ओइशी उद्यानापर्यंत जावे. ते सपाट आहे आणि तिथून पाण्यापलीकडे फुजी समोर दिसतो. परतीच्या वाटेवर त्याच मार्गावर 'कुबोता इच्चिकु बिजुत्सुकान' (म्हणजे कुबोता संग्रहालय) हा थांबा आहे. ओइशी गावातच 'ओइशी त्सुमुगी' हे रेशमी कापड परंपरेने विणले जाते आणि त्याला वाहिलेले छोटे दालनही आहे. आईंना हातमाग आवडत असेल तर तिथे थोडा वेळ ठेवा.

संग्रहालय डोंगरउतारावर आहे. दारापासून मुख्य इमारतीपर्यंत बागेतून चढत जावे लागते, त्यामुळे घाई न करता थांबत थांबत जावे. थांबण्याजोगे तिथे पुष्कळ आहे. प्रवेशद्वार भारतातल्या जुन्या कोरीव लाकडी दारांचे आहे. आईबाबांना ते पाहून आनंद होईल. वरची इमारत हजार वर्षांहून जुन्या हिबा वृक्षाच्या सोळा भव्य खांबांवर पिरॅमिडसारखी उभारलेली असून ती 1994 मध्ये खुली झाली.

आनंदयात्री_पुणे
तरीही सकाळी दहानंतर फुजी दिसेलच, याची हमी कोणी देऊ नये. शिवाय उत्तर काठावरून फुजी दक्षिणेला येतो आणि नोव्हेंबरमध्ये दुपारी सूर्यही त्याच बाजूला असतो. बाबांना छायाचित्रे काढायची असतील तर उशीर करून उपयोग नाही.

डोंगरवाट
हा मुद्दा योग्य आहे आणि तो गिरिजाताईंच्या क्रमालाच बळ देतो. हवामान मात्र आदल्या रात्री पाहावे. सकाळी ढग आणि दुपारी उघडीप असा अंदाज असेल तर क्रम उलटा करावा आणि संग्रहालय आधी घ्यावे. त्या सोयीसाठी आज फक्त रेल्वेची आसने पक्की करा, बाकी काही बांधून ठेवू नका. संग्रहालय एरवी मंगळवारी बंद असते आणि शरदात वेळापत्रक बदलते, म्हणून शेवटच्या प्रवेशाची वेळ त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

शेवंती_१२
जातानाची आसने मिळाली. परतीच्या थेट गाडीत जागा नव्हती, म्हणून कावागुचीकोहून ओत्सुकीपर्यंत फुजीक्यूने येऊन पुढे चुओ रेल्वेमार्गाची गाडी धरायची असे ठरवले आहे. सकाळी ओइशी, डबा तिथेच, मग संग्रहालय आणि शेवटी काइरो. आता एकच विचारायचे आहे : काइरोवर दिवे लागल्यानंतर स्थानकाकडे येणाऱ्या बसला फार गर्दी होते का? आईला उभे राहून यावे लागणार असेल तर टॅक्सी आधी सांगून ठेवते.

बसप्रेमी
हंगामात ती बस भरूनच येते. टॅक्सी आधी सांगून ठेवा, आणि ती काइरोच्या तोंडाशी न बोलावता संग्रहालयाच्या थांब्याजवळ बोलावा, म्हणजे गर्दीत एकमेकांना शोधावे लागणार नाही.