अनुभव धागा: तीनपत्तीवरून पोकरकडे येताना

दिवाळीत घरी तीनपत्ती खेळलेले बरेच जण टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकायला बसतात. हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, त्या सातांतून उत्तम पाच. नियम एवढाच, तरी सुरुवातीला अडतंच. तुमचं काय अडलं, कसं सुटलं ते लिहा. चिंचोके लावून शिकलेल्यांचं विशेष स्वागत. ॲपच्या लिंका नकोत. २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच झालेत.

नाशिकहून:
मी सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) आणि कलर (सगळी एकाच चिन्हाची) यांपाशी अडलो. माझी पाच ते नऊ अशी ओळ, समोर पाच बदाम, आणि डाव त्याचा! तीनपत्तीत तर सिक्वेन्स वर. मावसभावाने वहीत मांडून दाखवलं. तीन पानांचे एकूण हात २२,१००. त्यांत कलर १,०९६, सिक्वेन्स फक्त ७२०. पाच पानं घेतली की कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. जे कमी वेळा येतं ते मोठं, म्हणून क्रम उलटतो. हे कळल्यावर पाठांतर करावं लागलं नाही. गंमत म्हणजे तीनपत्तीतच याला अपवाद आहे: ट्रेल (तिन्ही पानं सारखी) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळ) ४८, तरी वर ट्रेलच.

डोंबिवलीहून:
तीनपत्तीत बूट, म्हणजे पानं वाटण्याआधीची रक्कम, सगळे लावतात, पोकरमध्ये मात्र डीलरच्या डावीकडचे दोघंच आधी लावतात. डीलरचं बटण दर डावाला पुढे सरकतं, त्यामुळे पाळी सगळ्यांवर येते. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर, बटणवाला शेवटी बोलतो, बाकीच्यांनी काय केलं ते बघून. तीच पानं त्या जागेवर जास्त कामाची.

दुबईहून:
मला हिशोबाने गोडी लागली. हातात दोन इस्पिक, फ्लॉपवर दोन. न दिसलेल्या ४७ पानांत इस्पिक उरले ९, म्हणजे पुढच्या पानाला कलर लागायची शक्यता साधारण १९ टक्के. पॉटमध्ये १०० चिंचोके, समोरच्याने ५० टाकले. १५० साठी मला ५० घालायचे, म्हणजे एकूण २०० तले ५०, तर निदान २५ टक्के तरी हवेत. पुढे फारसं मिळणार नसेल तर पॅक, म्हणजे पानं टाकून द्यायची.

साताऱ्याहून:
नव्या माणसाला शिकवताना आम्ही पहिले काही डाव सगळ्यांची पानं उघडी ठेवतो. सासूबाई मेंढीकोट खेळून तरबेज, दोन-तीन डावांतच त्या माझी पानं बघून म्हणाल्या, "अगं, जोडी एवढीशी, कशाला वाढवतेस?"