मदत हवी आहे: पोटुशी मांजर घरात आली आहे, बाळंतपण घरीच होणार

कृष्णाकाठी:

नमस्कार मंडळी. वाईला आमचं जुनं घर आहे, मागे परसू, वर माळा. पाऊस लागल्यापासून एक तिरंगी मांजर आमच्याकडेच असते. आधी ओसरीवर बसायची, आता थेट माजघरात. तिचं पोट दोन्ही बाजूंनी चांगलंच फुगलंय, आचळं गुलाबी आणि मोठी झाली आहेत, आणि ती आडवी पडली की कुशीवर आतली हालचाल डोळ्यांना दिसते. म्हणजे दिवस भरत आले असणार. काळजी याची की पोट सोडलं तर बाकी नुसती हाडं आहेत. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागतो.

आमच्याकडे तिला दूधभात मिळतो, कधी दहीपोळी. घरात मांसमच्छी शिजत नाही, अंडंही येत नाही, आणि सासूबाईंच्या सोवळ्यात ते बदलणार नाही. पण तिला हाकलायला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच. "बाळंतपणाला आली आहे, तिला इथून कुठे पाठवायचं नाही," असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलंय. डिंक तळून द्यायचा का, हळिवाची खीर चालेल का, कॅल्शियमची गोळी कुटून दुधात घालू का, असं त्या रोज विचारतात. मला उत्तर देता येत नाही.

माजघरातल्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात गोधड्या आहेत. तिथे शिरून ती पंजांनी उकरत बसते. दार लावलं की बाहेर बसून ओरडते. पिल्लं तिथेच घालू द्यावीत का? कसर लागू नये म्हणून त्या कप्प्यात डांबरगोळ्या असतात, त्याने काही होतं का?

सगळ्यात जास्त भीती रात्रीची वाटते. जवळचे डॉक्टर गाईम्हशी बघतात, मांजर बघणारं कुणी माहीत नाही. ती अडली आहे हे ओळखायचं कसं, आणि न्यायचं कुठे?

शिवाय नणंद पुढच्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येते आहे. तिच्या सासरहून निरोप आलाय की घरात मांजर नको. यात तथ्य किती? कृपया अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा.

बोक्याची मावशी:

ताई, बाकी सगळं नंतर, आधी उठून त्या डांबरगोळ्या काढा. त्यात नॅफ्थलीन असतं. त्याची वाफसुद्धा मांजराला बाधते आणि एखादी गोळी चाटली गेली तर जिवावर बेतू शकतं. गोधड्यांना वास बसला असेल तर त्याही बाहेर काढून धुवा. तसंच फरशीला फिनेल बंद. फिनेलमधले घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. ती ओल्या फरशीवरून चालते आणि मग पाय चाटते, पोटात जातं ते असं. साबणाचं पाणी पुरे.

खाण्याचं सांगते. मांजराला मांसाहार लागतोच, ती आवडीनिवडीची गोष्ट नाही. टॉरिन नावाचा घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो प्राणिज अन्नातूनच यावा लागतो. तो कमी पडला तर गर्भ पोटातच जिरतात, पिल्लं अशक्त किंवा व्यंग घेऊन जन्मतात. दूधभाताने पोट भरतं, पण तिच्या अंगी काही लागत नाही. वर दुधाने पुष्कळ मोठ्या मांजरांना जुलाब होतात, ते आत्ता अजिबात परवडणार नाही.

तुमच्या घरच्या अडचणीवर उपाय सोपा आहे. बाजारात पिल्लांसाठीचं तयार खाणं मिळतं, 'किटन' असं लिहिलेलं. मोठ्या मांजराचं नको, पिल्लांचंच घ्या, कारण त्यात प्रथिनं आणि उष्मांक जास्त असतात आणि पोटुशी व अंगावर पाजणाऱ्या मांजरीला तेच हवं असतं. रॉयल कॅनिनचं 'मदर अँड बेबीकॅट' खास याच काळासाठी आहे. कोरडे दाणे असतात, शिजवायचं काही नाही, परसातल्या पडवीत एक वेगळी वाटी ठेवा. सासूबाईंच्या स्वयंपाकघराला धक्काही लागत नाही. आता पिल्लांनी जठर दाबलेलं असणार, म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी मात्र सतत भरलेलं हवं.

जागेसाठी कपाटाशेजारीच मोठं खोकं ठेवा. एका बाजूला दार कापा, पण खाली चार बोटं उंबरा राहू द्या, म्हणजे तिला सहज ओलांडता येईल आणि पिल्लं घरंगळणार नाहीत. तळाला वर्तमानपत्रं, वर जुनी सुती साडी. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. खोकं अंधाऱ्या, कोरड्या, येजा नसलेल्या कोपऱ्यात हवं. तिने तरी कपाटच निवडलं तर हट्ट करू नका, डांबरगोळ्या काढलेल्या असल्या म्हणजे झालं.

गोठा ते दवाखाना:

मी पशुवैद्य आहे, सातारा जिल्ह्यातच काम करतो. मावशींनी लिहिलंय त्याला माझी पूर्ण संमती. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि कॅल्शियम मात्र थांबवा. पोटुशी असताना बाहेरून कॅल्शियम दिलं तर शरीराची ते हाडांतून काढून घेण्याची सवय मंदावते, आणि नेमकं दूध सुरू झाल्यावर रक्तातलं कॅल्शियम कोसळू शकतं. डिंक-हळीव नको. गोचिडांचं कुत्र्याचं औषधही तिला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजरांना घातक. पॅरासिटामॉलचा तर तुकडाही नको. आणि आत्ता तिला कुठलीही लस देऊ नये.

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात. विण्याआधी ती अस्वस्थ होते, खाणं टाकते, उकरते, खोक्यात जाते-येते. काही मांजरी या वेळी जोरात घुरघुरतात, त्याचा अर्थ ती खुशीत आहे असा घेऊ नये. हे सगळं १२ ते २४ तास चालू शकतं. शरीराचं तापमान १०० फॅरेनहाइटच्या खाली गेलं तर बहुधा दिवसभरात पिल्लं येतात, पण तुमची मांजर अर्धी रानातली आहे, तापमान बघायला तिच्याशी झटापट करू नका.

कळा जोरात सुरू झाल्या की पिल्लू साधारण अर्ध्या तासात यायला हवं. दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभराचं अंतर असतं. पुष्कळ पिल्लं शेपटीकडून येतात, त्याने घाबरू नका. काही मांजरी मध्येच थांबतात, झालेल्यांना पाजतात, चक्क खातात, आणि पुढची पिल्लं कितीतरी तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी घालतात. ती शांत असेल तर हेही चालतं.

शांत नसेल तेव्हा मात्र घड्याळ बघा. वीस-तीस मिनिटं जोर लावूनही काही आलं नाही, पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकलं, ताजं लाल रक्त वाहतच राहिलं, घाण वासाचा स्राव आला, किंवा ती मान टाकून पडली, तर सकाळची वाट न पाहता निघा. तुम्हाला शिरवळ जवळ आहे. तिथल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. आजच फोन करून वेळा विचारून ठेवा, आणि रात्रीसाठी पुण्यातल्या चोवीस तास चालणाऱ्या एखाद्या खासगी दवाखान्याचा नंबरही भिंतीवर लावून ठेवा. एक कळकळीची विनंती: न तपासता कुणी कळांचं इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नका. पिल्लू आडवं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

बहुतेक वेळा तुम्हाला लांब बसून बघण्यापलीकडे काही करावं लागणार नाही. पडदा ती स्वतः फोडते, नाळ चावून तोडते, वार खाते. खाऊ द्या. फक्त प्रत्येक पिल्लामागे एक वार पडली का ते मोजा, आत राहिली तर जंतुसंसर्ग होतो. तिने पडदा फोडला नाही तरच हात घाला, आणि मग मिनिटाच्या आत: आधी तोंडावरचा पडदा फाडायचा, नाक-तोंड पुसायचं, कोरड्या कापडाने पिल्लू चोळायचं. नाळ ओढायची नाही. पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर उकळलेल्या दोऱ्याने बांधून पलीकडे कापायची. पिल्लू उलटं धरून झटकायची जुनी पद्धत आहे, ती करू नका, मेंदूला इजा होऊ शकते.

नणंदबाईंबद्दल. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि गरोदरपणात नव्याने लागण झाली तर गर्भाला धोका असतो, हे खरं आहे. पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराच्या शी-शूचं मातीचं घमेलं दररोज साफ झालं, ते दुसऱ्या कुणी हातमोजे घालून केलं, आणि नणंदबाईंनी परसातल्या मातीत हात घातला नाही, भाज्या नीट धुऊन खाल्ल्या, तर मांजर घरात असायला हरकत नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करून घ्या, सासरच्यांचंही समाधान होईल.

रत्नागिरीकर:

आमच्याकडे म्हणतात पिल्लांना माणसाचा हात लागला तर मांजर त्यांना टाकते किंवा खाते. त्यामुळे मी तरी जवळ जाऊ नये असंच सांगेन. आणि बोक्यापासून जपा. आमची दोन पिल्लं बोक्याने मारली होती.

बोक्याची मावशी:

दादा, बोक्याचं अगदी खरं. खिडकीला जाळी लावा, माळ्याकडची फट बुजवा. हाताचं मात्र तितकं खरं नाही. ओळखीच्या माणसाने हात धुऊन, ती जेवायला गेल्यावर पटकन वजन घेतलं तर काही होत नाही. गोंगाट, पाहुण्यांची वर्दळ, सारखं डोकावणं याने ती बिथरते. मग ती पिल्लं उचलून हलवते, सात घरं दाखवते म्हणतात ते यातूनच आलं असावं.

कृष्णाकाठी:

पिल्लं झाली! पहाटे, कपाटातच. चार आहेत. वारा चार मोजल्या. पण शेवटचं पिल्लू फार लहान आहे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर जेमतेम ७० ग्रॅम भरलं, बाकीची शंभराच्या आसपास. ते लुचत नाही, बाजूला पडलंय, अंग गार लागतंय. सासूबाई बोंडल्याने गाईचं कोमट दूध पाजू म्हणतात. लगेच सांगा.

गोठा ते दवाखाना:

दूध आत्ता नको, कुठलंच नको. गार पिल्लाचं आतडं बंद असल्यासारखं असतं, पाजलेलं पचत नाही आणि फुप्फुसात जाऊ शकतं. आधी ऊब. तुमच्या अंगाशी, कपड्याच्या आत धरा, किंवा बाटलीत गरम पाणी भरून दुहेरी कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. थेट बाटलीवर ठेवू नका, भाजेल. सावकाश, तास-दोन तास लागू देत. हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचं ओलं बोट लावा, तोंडात ओतू नका. अंग गरम झालं आणि ते तोंडाने शोधायला लागलं की आईच्या मागच्या आचळांना लावा, तिथे दूध जास्त असतं. पहिल्या दिवसाचं आईचं दूध त्याला मिळायलाच हवं, रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच मिळते.

तरीही लुचलं नाही तर मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणा. गाईचं दूध त्याला पुरत नाही आणि जुलाब होतात. दर दोन-तीन तासांनी, पिल्लू पालथं ठेवून, आई पाजते तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही नाही. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने खालची बाजू हलकेच पुसा, त्याशिवाय या वयात शी-शू होत नाही. संध्याकाळपर्यंत फरक दिसला नाही तर शिरवळला न्या, आणि नेताना आईलाही बरोबर घ्या.

कृष्णाकाठी:

दुपारी बारीक आवाज करून तोंड हलवायला लागलं. मागच्या आचळाला लावलं, पहिल्यांदा सुटलं, मग धरलं, आणि पुढच्या दोन्ही पंजांनी दाबत लुचायला लागलं. सासूबाईंनी ते पदरात धरून ठेवलं होतं तोवर. सगळ्यांचे मनापासून आभार. आता रोजचं वजन लिहिते आहे. किती वाढायला हवं? आणि आई किती खाते म्हणून सांगू, वाटी भरली की रिकामी. इतकं देणं बरोबर आहे ना?

बोक्याची मावशी:

देत राहा, हात आखडू नका. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. पिल्लांचं वजन रोज दहा ते पंधरा ग्रॅम वाढायला हवं. एखाद्याचं वजन दिवसभर वाढलं नाही किंवा घटलं, तर ते दिसायला कितीही गुटगुटीत असो, दवाखाना. पावसाळी गारठा आहे, पहिला आठवडा कप्प्यात तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राहील असं बघा. पण एका कोपऱ्यात ऊब आणि दुसरा मोकळा, म्हणजे नको तेव्हा त्यांना सरकता येईल.

गोठा ते दवाखाना:

आईकडे रोज एकदा नीट बघा. आचळ कडक, गरम, लालसर-निळसर झालं किंवा तिला दुखतंय असं वाटलं तर जंतुसंसर्ग. ती थरथरायला लागली, चालताना पाय ताठ टाकायला लागली, धापा टाकू लागली, तर ते मी म्हटलं ते कॅल्शियम कोसळणं. हे विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत होतं आणि त्यात तासांचा हिशेब असतो. पिल्लं बाजूला करून तिला लगेच डॉक्टरांकडे न्या, तिथे शिरेतून कॅल्शियम देतात. घरी तोंडाने काही देत बसू नका.

डोळे एक-दोन आठवड्यांत उघडतील, हाताने उघडू नका. चौथ्या आठवड्यापासून दाणे पाण्यात भिजवून पसरट ताटलीत ठेवा. जंताचं औषध पिल्लांना दोन-तीन आठवड्यांपासूनच सुरू करतात, पण वजनावर मात्रा ठरते, म्हणून तुमची वही घेऊन या. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची तीन महिन्यांनंतर.

कृष्णाकाठी:

वही चालू आहे. शेवटचा प्रश्न. बोका अजून परसात येतो. पिल्लं अंगावर पीत असताना ती परत गाभण राहू शकते का? आणि ऑपरेशन कधी करायचं? सासूबाई आता म्हणतात, तिला ठेवूनच घेऊ, पण दर पावसाळ्यात हे नको.

गोठा ते दवाखाना:

राहू शकते, आणि पुष्कळ लोक इथेच फसतात. काही मांजरी पिल्लं लुचत असतानाच पुन्हा माजावर येतात. म्हणून ऑपरेशन होईपर्यंत तिला परसात सोडू नका. पिल्लं आठ आठवड्यांच्या आसपास पूर्ण दाण्यांवर आली आणि तिचं दूध आटलं की नसबंदी करता येते. तारीख आत्ताच ठरवून ठेवा. पिल्लं कुणाला द्यायची असतील तर आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नका, आणि घेणाऱ्याकडून पुढच्या लसी व नसबंदीचं कबूल करून घ्या. ऑपरेशनच्या दिवशी आईला किती तास उपाशी ठेवायचं ते दवाखान्यात विचारा. पिल्लांना मात्र त्या दिवशीही वेळेवर खायला घाला.