मदत हवी आहे: अपोफिसचा व्यास आणि लातूरहून दिसणारी जागा, दोन्ही जुळत नाहीत

प्रश्न (लातूर)

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अपोफिस (99942) या लघुग्रहाचा तक्ता करतोय. दोन ठिकाणी अडलंय.

निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून दिसेल ती चमक) 19.09 आणि अल्बेडो (पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो त्याचं प्रमाण) 0.14 धरून व्यास 540 मीटर येतो. सगळीकडे मात्र 340 छापलेलं आहे.

दुसरं, कक्षेचे आजचे घटक (अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे लंबवर्तुळाच्या लांबीचा निम्मा भाग, 0.922 खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या 0.922 पट; उत्केंद्रता, म्हणजे लंबवर्तुळ किती चपटं, 0.191; पृथ्वीच्या कक्षेशी कल 3.3 अंश) स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरले, तर 13 एप्रिल 2029 च्या रात्रीची जागा नासाच्या होरायझन्स या ग्रहस्थिती काढून देणाऱ्या ऑनलाइन सेवेशी कित्येक अंशांनी जुळत नाही. होरायझन्समध्ये ठिकाण आधीपासून होतं तेच ठेवलंय. 14 च्या पहाटे 3:16 ला मुलांना कुठे बघायला सांगू?

उत्तर (परभणी)

सर, सूत्र बरोबर आहे, अल्बेडो चुकलाय. 0.14 हा पृष्ठभाग कसा आहे हे माहीत नसताना धरायचा सरासरी आकडा. अपोफिस खडकाळ, एसक्यू प्रकारचा (खडकाळ लघुग्रहांचा एक वर्ग), बराच उजळ. अल्बेडो 0.35 घ्या:

1329 ÷ √0.35 = 2246
10 चा (−19.09 ÷ 5) वा घात = 0.000152
गुणाकार = 0.34 किमी

तक्त्यावर 'सरासरी व्यास' असंच लिहा. तो गोल नाही, लांबुळका आहे. लांब बाजू किमान 450 मीटर भरते. शिवाय एका अक्षाभोवती सरळ न फिरता तो कोलांट्या खात फिरतो, त्यामुळे साधारण साडेतीस तासांच्या आवर्तनात त्याचा उजेड कमीजास्त होतो.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

जागेच्या घोळाला दोन कारणं आहेत.

पहिलं, स्टेलॅरियम लघुग्रहाला तुम्ही भरलेल्या लंबवर्तुळावरच फिरवत ठेवतं. पृथ्वीच्या ओढीने ते लंबवर्तुळ बदलतं, हे त्याच्या हिशेबात येत नाही. एरवी चालून जातं, पण इथे अपोफिस पृथ्वीच्या केंद्रापासून जेमतेम 38,000 किमीवरून जाणार आहे. या एका भेटीत अर्धदीर्घ अक्ष 0.92 वरून 1.10 वर जाईल, 324 दिवसांची फेरी 420 दिवसांच्या पुढे जाईल, आणि एटन गटातला (फेरी एका वर्षाहून लहान) लघुग्रह अपोलो गटात (फेरी एका वर्षाहून मोठी) जाईल. म्हणून आजचे घटक त्या रात्रीला चालत नाहीत.

दुसरं, होरायझन्समध्ये ठिकाण बदललं नाही तर उत्तर पृथ्वीच्या केंद्रातून मिळतं. 38,000 किमीवर केंद्रातून आणि जमिनीवरून बघण्यातला फरक साडेनऊ अंशांपर्यंत जातो. हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा.

असं करा: ठिकाण अक्षांश 18.40 उत्तर, रेखांश 76.57 पूर्व. उंची किलोमीटरमध्ये द्यायची. 600 मीटर असेल तर 0.6. कालावधी 13 एप्रिल दुपारी 12 ते रात्री 24, पायरी 10 मिनिटं. रकाने 1 (ताऱ्यांमधली जागा), 4 (दिशा आणि उंचीचा कोन), 9 (चमक) आणि 20 (अंतर). वेळ जागतिक येते, तीत साडेपाच तास मिळवा. वेळेपुढे * असेल तर त्या वेळी दिवस आहे, ती ओळ सोडा. उंचीचा कोन ऋण झाला की लघुग्रह मावळला.

आणि 3:16 ची वेळ मुलांना अजिबात सांगू नका. ती सर्वांत जवळ येण्याची वेळ आहे, आणि तेव्हा तो अटलांटिक महासागरावर, म्हणजे आपल्या क्षितिजाखाली असेल. बातम्यांतली 3.1 ही प्रतही (दिसणारी चमक; आकडा लहान तितकं तेज जास्त) तिकडच्या लोकांसाठी. आपल्याला तो त्याआधी दिसेल, हिंदी महासागरावरून पश्चिमेकडे सरकताना, आणि थोडा मंद.

प्रश्न (लातूर)

आता कळलं. दुर्बीण लागेल का?

उत्तर (परभणी)

7×50 ची (7 पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री जवळ असू द्या. त्या रात्री अमावास्या आहे, चंद्राचा त्रास नाही. पण एप्रिलमध्ये आपल्याकडे क्षितिजालगत धुळीचा थर असतो, खालच्या 10-15 अंशांत मंद तारे बुडतात. शहराबाहेर, दक्षिण आणि पश्चिम मोकळी असलेला माळ निवडा. मोठ्या टेलिस्कोपच्या मागे लागू नका. लघुग्रह वेगाने सरकणार, लहान क्षेत्रातून तो सारखा निसटेल. होरायझन्सने दिलेल्या यादीतल्या लागोपाठच्या दोन ओळींमधल्या जागा नकाशावर रेषेने जोडून मुलांच्या हातात द्या, आणि त्या रेषेवर कोणता ठिपका हलतोय ते त्यांनाच शोधू द्या.