पेडियाट्रिशियनने रिसर्च करायचा की ओपीडी ओढायची? (जरा लांब आहे, चिडून लिहिलंय)

तापीकाठ, जळगाव
काल आपल्याच एका ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "एमडी पेडियाट्रिक्स करून पोरं रिसर्च फेलोशिपच्या मागे लागतात, म्हणजे सरकारची एक सीट पाण्यात गेली. संशोधन एम्स-पीजीआयसारख्या मोठ्या संस्थावाल्यांनी करावं, आपण मुलं तपासावीत." खाली टाळ्याच टाळ्या. म्हणून लिहितोय.

ओआरएस तर सगळेच लिहून देता ना? 1971 ला बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटून जीव वाचतात हे दाखवणारे दिलीप महालनबीस बालरोगतज्ज्ञच होते. पण ते काही आभाळातून पडलेले नव्हते, त्याआधी कलकत्त्याच्या रिसर्च सेंटरमध्ये ओआरएसवरच काम करत होते. आपल्याकडे रेसिडेंटला, म्हणजे एमडी शिकणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरला, काय मिळतं? एक थीसिस, एक ऑनलाइन रिसर्च मेथडॉलॉजीचा कोर्स, बस. अमेरिकेत नवीन डॉक्टरला के-23, म्हणजे संशोधन शिकण्यासाठीची सरकारी ग्रँट, मिळाली की त्याचा किमान 75 टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावाच लागतो, डिपार्टमेंटने त्याला ओपीडीत ओढायचं नाही. पेडियाट्रिक्ससाठी तर त्यांनी वेगळा सायंटिस्ट घडवायचा प्रोग्राम 1980 च्या दशकातच सुरू केला. इकडे वेळ मागितला की "कामचुकार".

डॉ. भरीतवाले
ती पोस्ट माझीच. आणि अजूनही तेच म्हणतो. माझ्याकडे सोमवारी या, व्हरांड्यात उभं राहायला जागा नसते. ज्युनिअर म्हणतो सर मला डेटा एंट्री करायचीय. मग झटका आलेलं पोरगं कोण बघणार, तुझी के-23?

नाइट ड्यूटी
थीसिसबद्दल बोलूच नका 😡 आमच्या गाइडने विषय दिला तो मागच्या बॅचचा, फक्त वर्ष बदललं. एक्सेल शीट स्टॅटिस्टिक्सवाल्याकडे द्यायची, पैसे द्यायचे, दोन दिवसांनी पी व्हॅल्यू, म्हणजे निकाल निव्वळ योगायोग असू शकतो का ते सांगणारा आकडा, हजर. ती कुठून आली हे मला, गाइडला, परीक्षकाला, कोणालाच माहीत नाही. याला तुम्ही संशोधनाचं ट्रेनिंग म्हणता?

शहादेकर ताई
आणि ते झाल्यावर प्रमोशनसाठी पैसे भरून छापायचे जर्नल. त्यावर एक वेगळा धागा काढा कोणीतरी.

डॉ. भरीतवाले
म्हणजे माझंच खरं ठरलं की! थोतांड आहे तर कशाला वाढवायचं? आणि तुमच्या त्या लाडक्या गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंगांचं उदाहरण येणारच आता, म्हणून आधीच सांगतो, ते दोघं बालरोगतज्ज्ञ नाहीत. तरी खेड्यातल्या बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी केले, 1999 ला लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये आलं. कुठली फेलोशिप लागली?

तापीकाठ
सर, ते गडचिरोलीला जायच्या आधी जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पब्लिक हेल्थ शिकून आले होते. आधी शिकले, मग केलं. माझा मुद्दा तुम्हीच लिहून दिलात, धन्यवाद.

धडगावचा
मी डॉक्टर नाही, माझ्या भाचीला सिकल सेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार, म्हणून बोलतो. आमच्याकडे मोठ्या शहरातली माणसं गाडी घेऊन येतात, रक्त घेतात, फोटो काढतात, जातात. रिपोर्ट काय आला ते कोणी सांगायला येत नाही. एकांनी तर फॉलोअप जानेवारीत ठेवला. जानेवारीत अर्धा पाडा गुजरातमध्ये ऊस तोडायला असतो हो! मग कागदावर लिहितात पेशंट आलाच नाही. आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं, होळीला या, भोंगऱ्या बाजारात, म्हणजे आमच्या होळीच्या बाजारात, सगळे एका जागी भेटतील.

नाइट ड्यूटी
दादा, हेच. इथला कोणी शिकला तर त्याला हे सांगावं लागणार नाही. आणि दुसरं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सिकलच्या सोल्युबिलिटी टेस्टवर (रक्ताची झटपट तपासणी) भरवसा ठेवता येत नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, सिकल असूनही टेस्ट निगेटिव्ह येते आणि आई निर्धास्त घरी जाते.

शहादेकर ताई
आम्ही शिकलो तेव्हा सांगायचे, भारतातला सिकल सौम्य असतो. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वतःकडे येणारी सिकलची मुलं नीट मोजली तेव्हा कळलं किती सौम्य ते. त्यांनीच किलोमागे 10 मिलिग्रॅमचा ठरावीक डोस देऊन हायड्रॉक्सीयुरिया या सिकलवरच्या औषधाचा अभ्यास 2012 ला छापला, परदेशी डोस वाढवत नेतात तसं नाही, आपल्याकडे दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला कोण येणार म्हणून. हे एम्सला बसून सुचलं नसतं.

डॉ. भरीतवाले
ताई, धाग्याचा विषय सिकल नाही.

धडगावचा
तुमच्यासाठी नसेल साहेब. 2023 ला शहडोलला मोठा कार्यक्रम करून मिशन सुरू झालं, 2047 पर्यंत सिकल घालवणार म्हणे. भाची तोवर तिशी ओलांडेल. तुम्ही व्हरांड्यातली गर्दी सांगता, त्या गर्दीत ती पण असते, हातपाय सुजलेली, आणि तुमचाच ज्युनिअर तिला वाताचं औषध देतो.

डॉ. भरीतवाले
माझा ज्युनिअर असं करत नाही. तोंड सांभाळून बोला.

केळीवाला रावेर
भो, भांडू नका रे. तुन्हं बी खरं शे, त्यानं बी खरं शे. पण पैशाचं कोणी बोलेना. माझा मुलगा एमडी झाला, बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष भरलं, तिशीला आला. फेलोशिपमध्ये जे मिळतं त्याच्या कितीतरी पट भुसावळला खाजगीत पहिल्याच महिन्यात मिळतं. सून म्हणते जा खाजगीत, मी पण म्हणतो जा. पोराला शास्त्रज्ञ करायचं तर घर कोणी चालवायचं ते आधी ठरवा.

तापीकाठ
काका, याला माझ्याकडे उत्तर नाही. वेळ राखून दिला आणि पगार अर्धा ठेवला तर जाणारे फक्त श्रीमंतांची पोरं.

डॉ. भरीतवाले
बघा, शेवटी गाडी पैशावरच आली. असो. धडगावचे भाऊ, भाचीला घेऊन या, मी स्वतः बघतो. आणि तापीकाठ, तुझ्या समाधानासाठी माझ्या ज्युनिअरला आठवड्यातून दोन दिवस सोडतो, करू दे काय मोजायचं ते. सोमवार सोडून. सोमवारी बाजार असतो.

तापीकाठ
दोन दिवस म्हणजे 75 टक्के होत नाहीत सर.

डॉ. भरीतवाले
ताणू नकोस. नाहीतर एकच देईन.