कमी केस गळणारा कुत्रा: लहान घ्यावा, मध्यम की मोठा?

कासारवडवली_११वा_मजला

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. घरात आम्ही दोघं, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. कुत्रा आणायचं नक्की आहे, जात ठरत नाहीये. सासूबाईंना धुळीची अ‍ॅलर्जी आहे, पावसाळ्यात धाप लागते, म्हणून केस कमीत कमी गळणारा हवा. एका विक्रेत्याने शिह त्झू 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' (म्हणजे अ‍ॅलर्जी न करणारा) असल्याचं ठामपणे सांगितलं, दुसऱ्याने लॅब्राडूडल (लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर) सुचवला. दिवसभर एसी लावणं जमणार नाही. सासूबाई घरीच असतात, त्यामुळे कुत्रा एकटा राहणार नाही, पण जोरात ओढणारा त्यांना झेपायचा नाही. प्रत्येक आकारात खरोखर कमी केस गळणाऱ्या जाती कोणत्या, आणि आपल्या दमट हवेत त्यातल्या कोणत्या चालतील?

उपवनकर

आधी केस आणि अ‍ॅलर्जी यांची फारकत करा. अ‍ॅलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेतल्या, कोंड्यातल्या आणि लघवीतल्या प्रथिनांची असते. केस ती फक्त घरभर नेतात. अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये घरांतल्या धुळीचे नमुने तपासले गेले, तेव्हा तथाकथित हायपोअ‍ॅलर्जेनिक जातींच्या घरांत अ‍ॅलर्जी करणारं मुख्य प्रथिन एकंदरीत कमी असल्याचं दिसलं नाही. म्हणून सासूबाईंची कुत्र्याच्या अ‍ॅलर्जीची चाचणी आधी करून घ्या. धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येकाला कुत्र्याची असतेच असं नाही. त्यातही कॅन एफ ५ नावाचं एक प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतं. तेवढ्याचीच अ‍ॅलर्जी निघाली तर मादी घरात चालू शकते. डॉक्टरांना हे नेमकं विचारा.

आता केसांबद्दल. प्रत्येक केस वाढतो, थांबतो आणि गळतो. पूडलसारख्या जातींत वाढीचा काळ फार लांब असतो, म्हणून गळती कमी. शिवाय गळलेला केस कुरळ्या केसांत अडकून राहतो, जमिनीवर पडत नाही. तो तुम्ही विंचरून काढला नाही, तर त्याच्या गाठी होतात. झाडू मारण्याचं काम कमी होतं, ते कंगव्याकडे जातं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

लहानांत टॉय पूडल (खांद्यापर्यंत साधारण २४ ते २८ सेंमी), माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, शिह त्झू आणि ल्हासा आप्सो. माल्टीज आणि यॉर्की तीन-साडेतीन किलोचे असतात. मुलाच्या हातून सोफ्यावरून पडले तरी हाड मोडू शकतं. यॉर्कीची श्वासनलिका नाजूक, त्याला गळपट्ट्याऐवजी हार्नेसच (छातीभोवती बांधायचा पट्टा) हवा. मध्यमात मिनिएचर पूडल (२८ ते ३५ सेंमी) आणि मिनिएचर श्नाउझर. मोठ्यांत खऱ्या अर्थाने एकच नाव घेईन, स्टँडर्ड पूडल: ४५ ते ६० सेंमी, २० ते ३० किलो. हुशार आहे, पण रोज तास-दीड तास व्यायाम मागतो. दोरी सासूबाईंच्या हातात राहणार असेल तर हा नाही.

आखूड केसांवर जाऊ नका. पग, बीगल आणि लॅब्राडोर भरपूर केस गाळतात आणि ते बारीक केस सोफ्याच्या कापडात रुतून बसतात. पॉमेरेनियनची आतली दाट लवही गळते. आपला देशी कुत्राही केस गाळतो, पण इथली हवा त्याच्याइतकी कोणालाच मानवत नाही. अ‍ॅलर्जीची चाचणी निर्दोष आली तर तो विचारात घ्याच.

पामबीच_पदपथ

यादी बरोबर आहे, पण शिह त्झू इतक्या सहज ल्हासाच्या ओळीत बसवू नका. केस कमी गळतात हे खरं, पण त्याचं नाक चपटं आहे. कुत्रा धापा टाकून, जिभेवरून आणि घशातून पाणी उडवून अंग थंड करतो. हवेत दमटपणा असला की पाणी उडत नाही. आखूड नाकात हवा जायलाच जागा कमी, त्यात ठाण्याचा मे महिना आणि ऑक्टोबर. दुपारी एसी नसेल तर ही जात मी सुचवणार नाही. त्याचे बटबटीत डोळेही चटकन दुखावतात. डोळा अर्धवट मिटून ठेवला तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

कोणतीही जात आणलीत तरी फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही टेकवू नका. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक झाल्या, चाल अडखळली, तर तो उष्माघात समजा. नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि ओलाच गाडीत घालून दवाखान्यात न्या. अंगाला ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

तुमच्या घरासाठी माझं मत मिनिएचर श्नाउझर. नाक लांब, बांधा दणकट, वजन पाच ते नऊ किलो, मुलाच्या खेळाला पुरतो आणि सासूबाईंच्या हातातही राहतो. त्याचे दोन स्वभाव मात्र ओळखून असा. लिफ्टचा आवाज आला की तो भुंकणार, त्यामुळे 'गप्प' हे शिक्षण पहिल्या आठवड्यापासून. दुसरं, या जातीच्या रक्तात चरबी वाढण्याची प्रवृत्ती असते आणि त्यातून स्वादुपिंडाला सूज येते. तूप लावलेली पोळी, भजी, मटणाची चरबी हे बंद म्हणजे बंद. लाडाने भरवणाऱ्या आजीशी हे आधी बोलून घ्या.

खारघर_व्हेटटेक

लॅब्राडूडलबद्दल. लॅब्राडोर आणि पूडल यांच्या संकरात एकाच वेतातली पिल्लं वेगवेगळी निघू शकतात. एकाचे केस कुरळे, दुसऱ्याचे लॅब्राडोरसारखे गळणारे. आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून ते सांगता येत नाही, कारण मोठेपणचे केस साधारण आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान येतात. दाढीमिशा येणार का आणि गळती किती असेल, याची जनुकीय चाचणी होते. विक्रेत्याकडे तिचा अहवाल नसेल तर त्याच्या शब्दाला किंमत देऊ नका. कॉकरपू, माल्टीपू या पूडलच्या इतर संकरांनाही हेच लागू.

२०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पिल्लाची आई दाखवायला नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, प्रकृती नाही. पूडल असेल तर आईबापांचे डोळे आणि गुडघ्याच्या वाट्या तपासल्या आहेत का, ते विचारा. घरी आणल्यावर लसीकरण, त्यात रेबीज आलीच, आणि महापालिकेचा परवाना.

आणखी एक पर्याय मला मनापासून सुचवावासा वाटतो: दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घ्या. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस सांभाळणं झेपत नाही म्हणून लोक ते सोडतात. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचे केस आणि स्वभाव दोन्ही समोर दिसतात. सासूबाई त्याच्याजवळ वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन तास बसू शकतात आणि आधी काही दिवस सांभाळायला आणून पाहता येतं. पिल्लाच्या बाबतीत हे जमत नाही. इन्हेलर मात्र जवळ ठेवा.

कासारवडवली_११वा_मजला

शिह त्झू आणि लॅब्राडूडल यादीतून काढले. आधी चाचणी, मग श्नाउझर किंवा मिनिएचर पूडल, दत्तक मिळाला तर उत्तमच. रोज विंचरायला किती वेळ लागेल, आणि पावसाळ्यात काय वेगळं करावं लागतं?

कात्री_आणि_कंगवा

केस आखूड ठेवलेत तर रोज दहा मिनिटं, लांब ठेवलेत तर अर्धा तास. आखूडच ठेवा. दर पाच-सहा आठवड्यांनी कटिंग. ट्रिमरला ५ एफ पातं लावलं तर साधारण ६ मिमी केस राहतात, ७ एफ ला ३ मिमी. आपल्या हवेत अंगावर ५ एफ पुरेसं. त्याहून बारीक करायच्या मोहात पडू नका, उघड्या कातडीला ऊन लागतं. पातं तापतं, दर काही मिनिटांनी मनगटावर लावून बघा. 'मशीनने भाजलं' म्हणतात ते बहुतेक तापलेल्या पात्यामुळेच.

अवजारं दोनच: स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि स्टीलचा कंगवा. नुसता वरून ब्रश फिरवला की कुत्रा छान दिसतो आणि कातडीलगत जट तयार होत राहते. म्हणून एका हाताने केस वर उचला, कातडीची रेघ दिसू द्या, तिथून थर सोडत सोडत ब्रश करा आणि शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडखळल्याशिवाय गेला पाहिजे. कानांच्या मागे, काखेत, हार्नेसच्या पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आत गाठी आधी होतात. गाठ सुटली नसेल तर अंघोळ घालू नका. भिजून सुकली की ती नमद्यासारखी आवळते. गाठीत थोडं कॉर्नफ्लॉवर चोळा आणि टोकाकडून सोडवत आत या. कापावीच लागली तर गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा आडवा धरा आणि कंगव्याच्या वरून कापा. गाठीबरोबर कातडीही वर ओढली जाते, ती कात्रीत सापडते.

पावसाळ्यात केस अर्धवट ओले राहणं हेच सगळ्या दुखण्यांचं मूळ. बाहेरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या मधून पुसा, मग ब्लोअर गार किंवा कोमट हवेवर, हातभर लांबून. तळपायाच्या गाद्यांमधले केस कापलेले ठेवा. पंजे सारखे चाटणं, केस तांबूस होणं, आंबूस वास येणं ही यीस्टची (एक प्रकारच्या बुरशीची) खूण. गवतातून फिरून आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. महिन्याची गोळी वजन करून पशुवैद्याकडूनच घ्या.

अंघोळ आठ-दहा दिवसांनी, कुत्र्याच्याच शॅम्पूने. अ‍ॅलर्जीसाठी त्याहून जास्त भिस्त घरावर ठेवा: सासूबाईंची खोली कुत्र्याला कायम बंद, कोरड्या झाडूऐवजी ओलं पुसणं, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम, अंथरुणाच्या खोळी आठवड्याला गरम पाण्यात. श्नाउझर आणि पूडल दोघांच्याही कानाच्या नळीत केस वाढतात. कान स्वच्छ आणि बिनवासाचा असेल तर ते उपटू नका. डोकं झटकायला लागला किंवा वास आला तर इअरबड न घालता दाखवून आणा.